खिडकीजवळचं बाक

आमच्या खोलीत सोमवार पावलांवरून ओळखू यायचा. एरवी आप्पा पहिल्या पाळीहून परतले, की चाळीचा लाकडी जिना एका दमात चढून यायचे. सोमवारी मात्र मधल्या वळणावर पावलं थांबायची. मग खोकला. मग कठड्याला धरून सावकाश चढणारी पावलं. आई तेवढ्यात स्टोव्हला पंप मारून चहाचं आधण ठेवायची आणि आपल्याशीच म्हणायची, "आज सोमवार ना." मंगळवारी त्रास थोडा ओसरायचा. गुरुवार-शुक्रवारपर्यंत आप्पा पुन्हा भजनाला बसायचे आणि रविवारी तर अगदी ठणठणीत असायचे. सोमवार उजाडला की पुन्हा छाती आवळलेली. आईचं म्हणणं, रविवारी दुपारी गॅलरीत उघड्यावर झोपतात, त्यानं वारं बाधतं. शेजारच्या काकू दृष्ट काढून जायच्या. मी लहान होते. मला वाटायचं, सोमवार हाच एक आजार असतो आणि तो गिरणीत जाणाऱ्या माणसांना होतो. आज कळतं, की त्या चाळीत खऱ्या निदानाच्या सगळ्यात जवळ मीच होते.

आप्पा १९५७ साली सातारा जिल्ह्यातल्या गावाहून मुंबईला आले. आधी बदलीवर होते, मग कार्डिंग खात्यात कायम झाले. कापसाच्या गाठी फुटून ब्लो रूममधून जे येतं, ते कार्डिंगच्या यंत्रावर तारेच्या बारीक दातांतून विंचरलं जातं. विंचरताना कापसातला पाचोळा, बोंडाच्या भोवतालच्या वाळक्या पानांचा चुरा आणि तूस हवेत उडतं. मी डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे, तेव्हा बाहेर पडणारी माणसं कुठल्या खात्यातली, ते रंगावरून कळायचं. रंगखात्यातल्या माणसांचे हात निळे, कार्डिंगच्या माणसांची डोकी पांढरी. आप्पांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर तूस बसलेलं असायचं. तिशीतच ते म्हातारे दिसायचे आणि नळावर तोंड धुतलं की पुन्हा तरुण व्हायचे.

कामावर ते नाकातोंडाला रुमाल बांधायचे. संध्याकाळी आई तो रुमाल गॅलरीत झटकायची, तेव्हा त्यातून पांढरा भपकारा उठायचा. "एवढं तरी बाहेर अडलं," असं म्हणून तिला बरं वाटायचं. पाळी सुटल्यावर आप्पा आणि त्यांच्या खात्यातले सगळेच गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं घशातला कापूस उतरतो, ही गिरणीतली जुनी समजूत. पुढे, १९९४ साली, लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गुळामुळे फुफ्फुसांतले धुळीचे कण बाहेर सरकायला मदत होत असल्याचं दिसलं, हे वाचलं, तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले होते. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला कळतं. तरी आप्पांच्या खिशातल्या त्या चिकट पुडीकडे कुणीतरी शास्त्राच्या नजरेनं बघितलं, याचंच मला भरून आलं.

त्यांच्या छातीकडे मात्र तसं कुणी बघितलं नाही. आप्पा ज्या दवाखान्यात जायचे, तिथल्या कागदावर दर वेळी "दमा" एवढंच लिहिलं जायचं आणि वर सल्ला मिळायचा, विडी सोडा. आप्पा माळकरी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी विडीला हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी तसं सांगून बघितलं. पुढे सांगणं सोडून दिलं. खोटं बोलतोय असं समोरच्याला वाटतं, हे त्यांना खोकल्यापेक्षा जास्त लागायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आप्पांना त्यानंतर खातं दिसलंच नाही. भोंगा थांबला, धूळ थांबली, पण छाती काही मोकळी झाली नाही. पंचवीस वर्षांत नळ्यांना जी सूज आली होती, ती आता कायमची वस्तीला आली होती. पूर्वी सोमवारी सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, आता सगळे वार सारखे झाले. आईनं खानावळ सुरू केली. तिच्या भाकऱ्यांवर आणि आप्पांच्या उरलेल्या पैशांवर मी कॉलेजात गेले. माझी पहिली फी ज्या पैशांतून भरली गेली, ते पैसे त्यांनी ज्या हवेत उभं राहून मिळवले, तीच हवा त्यांना जिना चढू देत नव्हती. माझ्यावरच्या तीन देण्यांतलं हे सगळ्यात आधीचं. बाकीची दोन त्यानंतरची.

कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे लावले आणि स्लाइड प्रोजेक्टरचा झोत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडला. झोतात धूळ नाचत होती. आमच्याकडे कौलांतल्या फटीतून येणाऱ्या उन्हाला कवडसा म्हणतात. हा तसाच, फक्त विजेचा. आपल्या जुन्या ग्रंथांमध्ये कवडशात दिसणाऱ्या रजकणाला त्रसरेणू असं नाव दिलेलं आहे, हेही त्या दिवशी सरांनीच सांगितलं. मग त्यांनी काचेची एक नळी दिव्यावर थोडी गरम केली, म्हणजे वाफ धरणार नाही, आणि तिच्यातून झोतात सावकाश श्वास सोडला. आधी धूळ तशीच चमकत राहिली. पण श्वास संपत आला तसा त्या झगझगीत झोतात एक काळा डाग उमटला. तिथे प्रकाश अडलेला नव्हता. तिथे प्रकाश दाखवायला धूळच नव्हती.

"हा प्रयोग जॉन टिंडलनं १८७० च्या सुमारास लंडनमध्ये करून दाखवला," सर म्हणाले. "श्वासाचा शेवटचा भाग छातीच्या अगदी तळातून येतो. तो स्वच्छ बाहेर आला. म्हणजे आत जाताना त्याच्यात जी धूळ होती, ती कुठे राहिली?"

वर्गात कुणी बोललं नाही. मला जिन्याच्या वळणावर थांबलेली पावलं ऐकू आली. त्या एका प्रश्नानं मला माझं आयुष्यभराचं काम दिलं. सरांचं ऋण ते. आणि तिसरं ऋण ज्यांचं आहे, त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना त्यांच्या नावानं हाक मारलेली आम्ही कधी ऐकलीच नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टर होत्या.

१९९१ साली आप्पांना एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या छातीच्या ओपीडीत नेलं. लांबलचक रांग होती. डॉक्टरांच्या खोलीबाहेर केसपेपर भरून घ्यायला एक सिस्टर बसायच्या. पंचेचाळिशीच्या, कोकणातल्या, बोलणं हळू आणि हात झपाट्याचा. नाव, वय, पत्ता झाल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि मान वर करून विचारलं, "काका, काम काय करायचात?"

"गिरणीत होतो."

"कुठल्या खात्यात?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुठल्याही दवाखान्यात कुणी विचारला नव्हता. "कार्डिंगला," ते म्हणाले. सिस्टरनी कागदाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: गिरणी, कार्डिंग, २५ वर्षं. छापील तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून समासात.

आत डॉक्टरांची नजर आधी त्या समासावर गेली. त्यांनी विचारलं, "सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची का?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांनी त्यांचा सोमवार कुणाला तरी खरा वाटला होता. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बिसिनोसिस हा शब्द ऐकला. कापूस, अंबाडी, ताग यांच्या धुळीनं होणारा छातीचा आजार. १८७७ साली फ्रेंच डॉक्टर आद्रियँ प्रूस्त यांनी तलम कापडाच्या ग्रीक नावावरून हे नाव दिलं. मोठा कादंबरीकार झालेल्या मार्सेल प्रूस्तचे ते वडील. कामगार-भरपाईच्या कायद्यात या आजाराची नोंदही आहे. आम्हाला ते कळेपर्यंत दावा करायला उशीर झाला होता. पण आप्पांना भरपाईपेक्षा मोठं काही मिळालं होतं. आपल्याला विडीनं दमा झालेला नाही, हे एका शिकलेल्या माणसानं कागदावर लिहून दिलं होतं.

डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप लिहून दिला. आठवड्यानं आम्ही परत गेलो ते तक्रार घेऊनच. औषध कडू लागतं, घसा खवखवतो, छातीला काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "माझ्यासमोर घ्या बघू." आप्पांनी पंप तोंडाशी धरला, दाबला आणि बुडता माणूस हवा ओढतो तसा जोरात श्वास ओढून लगेच सोडून दिला.

"काका, हे औषध तुम्ही घशाला दिलंत. छातीपर्यंत काही गेलंच नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. आप्पांच्या हाताला धरून त्यांनी त्यांना खिडकीजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. पूर्वेची खिडकी. दहा-साडेदहाचं ऊन तिरपं आत येऊन बाकाच्या टोकाशी पडायचं. आप्पांना थंडी वाजते म्हणून त्यांना उन्हाला बसवलं असेल, असं मी धरून चालले. पुढे कितीतरी वर्षं माझा तोच समज होता.

"आधी सगळा श्वास सोडा. आता पंप दाबा आणि हळू घ्या. हळू, हळू, अजून हळू. आता धरा. मनात दहा मोजा."

आप्पांचे दहा आकडे दोन सेकंदांत संपले. दम लागलेल्या माणसाला श्वास धरणं म्हणजे पाण्याखाली डोकं घालणं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. सिस्टर मात्र आप्पांच्या पाठीवर हात ठेवून बाकावर बसल्या आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "गळ्यात माळ दिसते. भजन करता ना?"

"करायचो. आता दम पुरत नाही."

"मग मोजू नका. मनात टाळ धरा. संथ लयीतला. दहा टाळ."

आणि आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मांडीवर उजव्या हाताचं बोट हलत होतं. एक. दोन. तीन. मी ते बोट बघत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्याला लय धरताना बघत होते. दहाव्या टाळाला त्यांनी श्वास सोडला. सिस्टर त्या वेळी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या त्यांच्या तोंडासमोरच्या उन्हाकडे बघत होत्या. "आज बरंच आत राहिलं," त्या म्हणाल्या. हे त्यांना कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी घरून सरबताची रिकामी प्लॅस्टिकची बाटली आणली होती. बुडाला गरम सुरीनं पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलेलं. बुडातून पंप बाटलीत दाबायचा आणि दुसऱ्या टोकानं, बाटलीच्या तोंडातून, श्वास घ्यायचा. तयार नळकांडी तेव्हा आमच्यासारख्यांना महाग पडायची. बाटली माझ्या हातात देत त्यांनी बजावलं, "आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढ. फडक्यानं आतून पुसू नकोस हां. फडक्याचं तूस आत राहील आणि काकांच्या छातीत जाईल. त्या छातीत कापूस पुरेसा गेलाय. तशीच उपडी ठेव, वाळेल."

महिन्याभरात बाटलीच्या आतल्या अंगाला पांढुरकी साय धरायला लागली. आणि आप्पा जिन्याच्या वळणावर न थांबता वर आले.

पुढे एमएस्सी करून मी कारखान्यांतली हवा मोजण्याच्या कामाला लागले. कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप अडकवायचा, नळी खांद्यावरून घेऊन कॉलरला एक चिमुकला धातूचा शंकू लावायचा. त्या शंकूत हवा गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात आणि साधारण चार मायक्रॉनच्या आतले कण तेवढे पुढच्या गाळणकागदावर पोहोचतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. तो शंकू म्हणजे कॉलरला लावलेलं माणसाचं नाक आणि वरच्या श्वासनळ्या. त्यांनी जे अडवायचं, ते तो अडवतो. जे आत खोल जाणार, तेवढंच तो कागदावर ठेवतो.

त्या कामानं मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर शिकवलं. श्वासनलिका बोटाएवढी जाड. तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे. १९६३ साली एवाल्ड वाइबेल यांनी फुफ्फुसांची मापं घेऊन जो नकाशा मांडला, त्यात हे तेवीस वेळा होतं. शेवटी कोट्यवधी वायुकोश, एकेक पाव मिलिमीटरच्या आसपास. फाट्यागणिक नळ्या बारीक होतात, पण त्यांची संख्या इतकी वाढते, की सगळ्यांची मिळून जागा रुंद होत जाते आणि हवेचा वेग मंदावत जातो. श्वासनलिकेत सेकंदाला मीटर-दोन मीटरनं धावणारी हवा तळाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ उभी राहते. खिंडीतून घोंघावत आलेली नदी खाडीत येऊन निवांत व्हावी तशी.

आणि नदी जसा गाळ टाकते, तशी हवा कण टाकते. वेगळ्या जागी वेगळा गाळ. गर्दीची बस जोरात वळण घेते, तेव्हा जड माणूस बाहेरच्या बाजूच्या दांड्यावर जाऊन आदळतो. तसं दहा मायक्रॉनच्या पुढचे कण नाकात आणि घशाच्या वळणावरच आदळतात. हवा वळते, त्यांना वळता येत नाही. आईच्या रुमालात आणि आप्पांच्या नाकात अडलेलं तूस ते हे. मधले, एक ते पाच मायक्रॉनचे कण वळणं निभावून नेतात आणि खाली, जिथे हवा निवांत आहे, तिथे आपल्या वजनानं हळूहळू बसतात. पिठाच्या गिरणीत रात्री पट्टा थांबल्यावर फळीवर पीठ बसत राहतं तसे. फार सूक्ष्म कण, मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षाही लहान, त्यांना वजन असून नसल्यासारखं. हवेचे रेणू त्यांना यात्रेच्या गर्दीतल्या चुकलेल्या पोरासारखे इकडून तिकडे ढकलत राहतात आणि असं भरकटता भरकटता ते भिंतीला टेकतात. यातून एक नवलाची गोष्ट निघते. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण सगळ्यात कमी अडकतात. आदळायला हलके, बसायला हलके, भरकटायला जड. त्यातले बरेचसे आले तसे श्वासाबरोबर परत जातात.

शरीरही गप्प बसत नाही. नळ्यांच्या आत बारीक लव असते. ती सेकंदाला दहा-बारा वेळा हलून चिकट द्रव वरच्या दिशेला सरकवत राहते, आणि नळ्यांत बसलेले बरेचसे कण दिवसभरात घशापर्यंत परत येतात. वायुकोशांत मात्र लव नाही. तिथे भक्षक पेशी एकेक कण गिळतात आणि या सफाईला महिने लागतात. आप्पा आठवड्याचे सहा दिवस धूळ आत घेत होते आणि सफाईला एक दिवस मिळत होता. कापसाच्या धुळीत जंतूंच्या आवरणाचं विष असतं, त्यानं नळ्या सुजून आवळतात. दिसायला आमच्या घरी सगळं पांढरंच होतं. पण भुवयांवर बसणारं तूस निरुपद्रवी होतं. अपाय केला तो कधीच कुणाला न दिसलेल्या धुळीनं.

हा सगळा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला, तो वॉल्टर फिंडआयझेन या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं, १९३५ साली. ढगांत पाऊस कसा तयार होतो, याचा अभ्यास करणारा हा तरुण माणूस. थेंब हवेतून कसा पडतो, हे त्याला ठाऊक होतं. तेच गणित त्यानं फुफ्फुसाला लावलं. श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत नऊ टप्पे पाडले आणि कुठल्या टप्प्यावर कोणता कण किती बसेल, ते काढलं. आभाळातल्या पावसाचं गणित माणसाच्या छातीत उतरलं.

ते वाचलं त्या रात्री आप्पा पलीकडे पंप घेत होते. खोलीत त्यांचा संथ टाळ मला ऐकू येत नव्हता, पण मांडीवरचं बोट दिसत होतं. मी वहीचं मागचं पान उघडलं. तीन मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाव मिलिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. शेवटच्या नळ्या अर्धा मिलिमीटर रुंद. म्हणजे या थेंबाला भिंतीवर टेकायला सुमारे दोन सेकंद हवेत. एक मायक्रॉनचा थेंब खूपच सावकाश पडतो. दोन सेकंदांत त्याचं काहीच होत नाही, पण दहा सेकंदांत तो साधारण एक तृतीयांश मिलिमीटर खाली येतो. वायुकोश पाव मिलिमीटरचा.

दहा. माझं पेन तिथेच थांबलं. पंपातून थेंब वेगानं सुटतो, म्हणून बाटली हवी. जोराचे आणि मोठे थेंब बाटलीच्या भिंतीवर आदळतात, घशावर आदळत नाहीत. ती पांढुरकी साय म्हणजे आप्पांच्या घशाची वाचलेली खवखव. श्वास हळू घ्यायचा, म्हणजे घशाच्या वळणावर थेंब फेकला जाणार नाही. आणि दहापर्यंत धरायचा, म्हणजे थेंबाला खाली बसायला सवड मिळेल. पुसू नकोस म्हणाल्या, त्याचंही कारण सापडलं. फडक्यानं घासलं की प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीला खेचलं जातं. साबणाचा पातळ थर ती वीज उतरवतो. सिस्टरनी कारण सांगितलं होतं तुसाचं, आणि तेही खरंच होतं.

ज्या नियमानं धूळ आप्पांच्या छातीत जाऊन बसली, त्याच नियमानं औषध तिथे पोहोचत होतं. वाट तीच, वजन तेच, खाली बसण्याची तीच सावकाश गती. पंचवीस वर्षं त्या वाटेनं त्यांना आजार दिला. सिस्टरनी त्याच वाटेनं औषध धाडलं.

मी आप्पांना वही दाखवली. आकडे त्यांना कळले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे सिस्टरचा हिशेब चोख होता." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांना सांग."

ते सांगायला मला फार उशीर झाला. आप्पा २००३ साली गेले. पण त्याआधीची बारा वर्षं त्यांना मिळाली. ते जिने चढले, त्यांनी नातवाला खांद्यावर घेतलं, आषाढीला ते पुन्हा भजनात उभे राहिले. लांब आलाप पूर्वीसारखा यायचा नाही, मध्येच तोडून दुसरा श्वास घ्यायचे, पण गायचे. पुढच्या वर्षी मी सिस्टरचा पत्ता शोधत कुडाळजवळच्या त्यांच्या गावी गेले. निवृत्त होऊन त्या भावाकडे राहत होत्या. ओटीवर सुपात कोकमं निवडत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. मी पिशवीतून ती बाटली काढली, तेव्हा ओळखलं. "कार्डिंगवाले काका," त्या म्हणाल्या. नाव त्यांनाही आठवलं नाही, समासात लिहिलेलं खातं आठवलं.

मी वही उघडून त्यांना दहा सेकंदांचं गणित समजावलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दहा तर कंपनीच्या कागदावरच छापलेलं असायचं गो. पण पेशंट विचारतो, पाच मोजले तर नाही का चालणार? छापलंय म्हणून धर, असं दमलेल्या माणसाला कसं सांगायचं? म्हणून मी बघून घेतलं."

"बघून घेतलं म्हणजे?"

"ते बाक आधी आत भिंतीला होतं. मी शिपायाला सांगून खिडकीशी ओढून घेतलं. उन्हात बसवलं की माणसानं सोडलेला श्वास दिसतो. दोनला सोडला तर कवडशात धूर दिसायचा, चुलीतून यावा तसा. पाचला थोडा विरळ. दहापर्यंत धरला की काही म्हणजे काही दिसायचं नाही. मग समजायचं, आत राहिलं."

कौलांतल्या फटीतून एक कवडसा सुपावर उतरला होता. त्यात धूळ तरंगत होती. मला सरांची काळे पडदे लावलेली खोली दिसली. टिंडलला त्यासाठी विजेचा दिवा लागला होता आणि सरांना प्रोजेक्टर. सिस्टरना दहा वाजताचं ऊन पुरलं होतं. तोच प्रयोग, तोच काळा डाग. रोज सकाळी, रांगेतल्या पन्नास माणसांसमोर, कुणाला न सांगता. आप्पांना थंडी वाजते म्हणून उन्हाला बसवलंय, असं मी तेरा वर्षं समजत आले होते. त्यांना उजेडात तपासलं जात होतं.

मी त्यांच्या पाया पडले. त्या संकोचल्या, "पुरे गो," म्हणाल्या आणि निघताना पिशवीत कोकमं घातली.

ऋण फिटत नाही. फार तर पुढे देता येतं. आता मी सूतगिरणीत हवा मोजायला जाते, तेव्हा कामगाराच्या कॉलरला शंकू लावण्याआधी दोन मिनिटं त्याच्याशेजारी बसते. आमच्या अर्जातही कुठल्या खात्यात, किती वर्षं, या प्रश्नाला रकाना नाही. मी समासात लिहून घेते. मागच्या खेपेला कार्डिंगवर एक पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा, भुवया पांढऱ्या. मी विचारलं, "सुट्टी संपवून कामावर येतोस, त्या पहिल्या दिवशी छाती कशी असते?"

त्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "हे तुम्हाला कसं कळलं, ताई?"

त्याला मी खिडकीजवळच्या एका बाकावर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.